शेंडेफळाची बाजू

शिक्षिका : सर, "निसर्गाला त्याचं काम करू द्या" हे तुम्ही म्हणणार, ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. गंगापुरात आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, विजेच्या मीटरच्या पेटीमागे, चिमणीची चार पिल्लं आहेत. तिघांची अंगं भरलेली, पिसांचे खुंट दिसायला लागलेले. चौथं त्यांच्या निम्म्यानं, अजून उघडंबोडकं. मादी चोचीत अळी घेऊन आली की तीन चोची ताठ होतात, चौथ्याची मान वर येईपर्यंत घास गेलेला असतो. पाचवीतली पोरं हे रोज बघतात आणि विचारतात, बाई, त्याला आपण भरवू या का? डोळ्यांदेखत जीव जात असताना हात बांधून उभं राहा, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन होतो. आम्हीही त्या दिवशी खोक्यांची घरटी टांगतो. घरटं आपण द्यायचं आणि घरट्यातलं पिल्लू मात्र मरू द्यायचं, याचा मेळ मला लागत नाही.

पक्षीनिरीक्षक : बाई, चौथं पिल्लू दुबळं जन्मलं असं तुम्ही धरून चालता. ते दुबळं नाही, उशिरा जन्मलं आहे, आणि तो उशीर आईनंच ठरवलेला आहे. चिमणी रोज एक अंडं घालते, पण शेवटचं अंडं पडायच्या सुमारासच उबवायला बसते, म्हणून शेंडेफळ दिवसभर मागं राहतं. गव्हाणी घुबडाची मादी तर पहिल्या अंड्यापासूनच बसते. तिची अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं पडतात, त्यामुळे थोरल्या-धाकट्यात दोन-दोन आठवड्यांचा फरक पडू शकतो. जुन्या वाड्याच्या भिंतीतलं किंवा विहिरीच्या कपारीतलं घुबडाचं कुटुंब पाहिलंत तर वाटतं, ही एका आईची पिल्लं आहेत की चार आयांची.

हे असं का, याचं उत्तर डेव्हिड लॅक या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञानं १९४७ मध्ये मांडलं. अंडी घालताना पुढं खाद्य किती मिळणार हे पक्ष्याला कळायचा मार्ग नसतो. आपला गायबगळाच घ्या. पावसाळा लागला की तो गावालगतच्या चिंचेवर, बाभळीवर काड्या जमवतो आणि तीन-चार अंडी घालतो. पाऊस नीट झाला, गवत वाढलं, नाकतोडे झाले, तर सगळी पिल्लं जगतात. ऑगस्टात पावसानं खंड दिला तर शेवटचं जातं आणि बाकीची धड राहतात. मृगाच्या पहिल्या सरीवर आपला कोरडवाहू शेतकरी कडेचं हलकं रानसुद्धा पेरून ठेवतो, साधलं तर साधलं म्हणून. बगळ्याचं शेवटचं अंडं हे तसलं रान आहे. सगळी पिल्लं एकाच दिवशी, एकाच ताकदीची निघाली असती तर दुष्काळात खाद्याच्या चार सारख्या वाटण्या झाल्या असत्या आणि चारही मेली असती.

शिक्षिका : सर, कडेच्या रानाला भूक लागत नाही. मला जे टोचतं ते नेमकं हेच आहे. एखादी गोष्ट का घडते हे समजलं, म्हणजे ती घडू देणं योग्य ठरलं, असं होत नाही. दुष्काळ का पडतो हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणून आपण छावण्या उघडायचं थांबवत नाही. आणि आपण कुठल्या मुलखातली माणसं आहोत? इथून गोदाकाठानं खाली गेलं की पैठण. काशीहून आणलेली कावड एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ही गोष्ट आमच्या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी ऐकतात. त्या गाढवाची जात टिकेल का, त्याची तहान निसर्गाच्या कुठल्या हिशोबात बसते, हे नाथांनी विचारलं नाही.

दुसरं असं की निसर्ग एकाच बाजूनं बोलतो, हे तरी कुठं खरं आहे? मी वाचलंय ते चूक असेल तर सांगा. कॅनरी पक्ष्याची मादी शेवटच्या अंड्यांच्या बलकात वाढीला जोर देणारं संप्रेरक जास्त घालते, म्हणजे मागून येणाऱ्याला ती आतूनच हात देते. आणि तुमच्याच त्या गव्हाणी घुबडांत थोरली पिल्लं कधीकधी आपल्या वाटचा उंदीर धाकट्याला देतात, हे स्वित्झर्लंडमध्ये पाहिलेलं आहे. धाकट्याला जगवायची ओढ पक्ष्यांतही असेल, तर ती माझ्या पोरांना वाटली म्हणून काय बिघडलं?

पक्षीनिरीक्षक : दोन्ही बरोबर आहे, कॅनरीचंही आणि घुबडांचंही. पण गायबगळ्यात तेच संप्रेरक उलट वाटलं जातं. पहिल्या अंड्यांत जास्त, शेवटच्यात कमी. थोरल्याला अंड्यातूनच दांडगाई मिळते. म्हणून निसर्ग दयाळू की क्रूर, या वादात मी शिरत नाही. तो प्रत्येक जातीत वेगळा आहे, एवढंच मला दिसतं.

नाथांच्या गोष्टीपुढं मी मान तुकवतो, पण तिच्यात एक गोष्ट सोपी होती. ते पाणी गाढवाला पाजल्यानं दुसऱ्या गाढवाचं पाणी तुटलं नाही. घरट्यात तसं नसतं. तिथं खाद्य मोजकं असतं, आईबापांची ताकदही मोजकी असते आणि एकाचा घास हा दुसऱ्याच्या तोंडचा असतो. मला नाथांच्या शेजारी महाभारतातल्या जरितेची आठवण होते. खांडववन पेटलं तेव्हा चार पिल्लं घेऊन अडकलेली ही पक्षिणी. पिल्लांना पंख फुटलेले नाहीत, सगळ्यांना उचलून नेणं शक्य नाही, कुणाला न्यावं आणि कुणाला सोडावं हे तिला ठरवता येईना. तेव्हा पिल्लंच तिला म्हणाली, तू जा, तू जगलीस तर पुन्हा संतती होईल. गोष्टीत अग्नी पिल्लांना वाचवतो. झाडावर तो वाचवत नाही. पण आईनं या विणीसाठी मरायचं की पुढच्यासाठी जगायचं, हा हिशोब प्रत्येक पक्षी करतो आणि तो आपल्याला कळण्याच्या फार आधीपासून चालू आहे.

त्यात हात घातल्यावर काय होतं, हेही करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत डग्लस मॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गायबगळ्यांच्या घरट्यांत पिल्लांची अदलाबदल करून सगळी एकाच वयाची केली. तुमच्या मनातली समता तिथं आणली म्हणा. झालं असं की कुणी कुणाला दबेना, मारामाऱ्या वाढल्या आणि आईबापांना जास्त खाद्य आणावं लागलं. त्यांनी मोठ्या बगळ्यांच्या पिल्लांना बाहेरून जादा खाद्यही देऊन पाहिलं. तरी टोचाटोची थांबली नाही.

शिक्षिका : मारामारी थांबली नाही, मान्य. पण पोट भरलेलं पिल्लू टिकतं तर खरं. आणि जिथं भांडण टोकाचं असतं तिथंही माणसानं वाट काढली आहे. आफ्रिकेतल्या व्हेरो गरुडाची दोन पिल्लं निघतात आणि थोरलं धाकट्याला जवळजवळ हमखास मारतं. झिम्बाब्वेत एका घरट्यात तीन दिवसांत दीड हजारांहून जास्त वेळा चोच मारलेली मोजली होती, आणि आई शेजारी बसून होती. युरोपातला छोटा ठिपकेवाला गरुडही तसाच. पण तिथल्या लोकांनी काय केलं? धाकटं पिल्लू वेळीच उचललं, दुसरीकडं वाढवलं आणि थोरल्याची खुन्नस ओसरल्यावर परत घरट्यात ठेवलं. आईबापांनी दोघांना भरवलं. स्लोव्हाकियात हे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून झालं, जर्मनीत २००४ पासून. अमेरिकेतल्या डांग्या क्रौंचांचंही असंच. १९४१ मध्ये ते वीस-बावीस उरले होते. दोन अंडी घालतात, बहुधा एकच पिल्लू मोठं होतं, म्हणून १९६७ पासून कॅनडातल्या घरट्यांतलं एकेक अंडं उचलून पिल्लं वाढवली. ज्याला तुम्ही कडेचं रान म्हणता, त्याच रानावर ती जात तगली.

आणि हे सगळं शास्त्रज्ञांनीच करावं असंही नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूरमध्ये गावातल्या चिंचांवर झोळीवाले पाणकोळी घरटी करतात. घरट्यातून पडलेली पिल्लं गावची तरुण पोरं कुंपणात ठेवतात, मासे भरवतात आणि उडायला लागली की सोडतात. आसाममध्ये हरगिला करकोच्यांच्या झाडांखाली बायकांच्या पुढाकारानं जाळी बांधली जातात, पडलेलं पिल्लू जमिनीवर आपटू नये म्हणून. ही माणसं निसर्गाच्या आड येतात असं तुम्ही म्हणाल का?

पक्षीनिरीक्षक : नाही, त्यांना मी हात जोडतो. पण तुम्ही दिलेली बहुतेक उदाहरणं दुर्मीळ जातींची आहेत. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते आणि ती जात रानात जेमतेम दीडशेच्या आसपास आहे. तिथं एका पिल्लासाठी डोंगर पालथा घातला तरी मी म्हणेन, अजून घाला. चिमणीचं गणित निराळं आहे. लंडनमध्ये चिमण्यांच्या वसाहतींना पिल्लं असण्याच्या दिवसांत जिवंत अळ्या पुरवल्या. पिल्लं खूपच जास्त उडाली. पण त्या भागातल्या मोठ्या चिमण्यांची संख्या वाढली नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे पिल्लू वाचलं, घरटं भरलं आणि जात होती तिथंच राहिली. या तीन गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण त्या तीन आहेत.

आणि दुर्मीळ जातीतसुद्धा मदतीची किंमत मोजावी लागते. न्यूझीलंडजवळच्या चॅथम बेटांवर काळा रॉबिन म्हणून चिमणीएवढा पक्षी आहे. १९८० मध्ये ते पाच उरले, त्यांत अंडी घालणारी जोडी एकच. डॉन मर्टन आणि त्याच्या माणसांनी अंडी उचलून दुसऱ्या जातीच्या घरट्यांत उबवली आणि ती जात परत आणली. आज ते शेकड्यांनी आहेत. पण त्या धावपळीत एक गोष्ट झाली. काही माद्या अंडं घरट्याच्या काठावर घालत. तिथं ते उबलं नसतं, वाया गेलं असतं. माणसं ते बोटानं आत ढकलत. कोण ढकलणार नाही? तुम्ही-मीही ढकललं असतं. पण ती खोड रक्तातली होती, आणि वाचलेल्या पिल्लांबरोबर तीही वाचली. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालायला लागल्या. म्हणजे माणूस रोज हजर असल्याशिवाय ज्याला अंडं उबवता येणार नाही, असा पक्षी घडत चालला होता. त्यांनी १९९० मध्ये ढकलणं थांबवलं, तेव्हा ती खोड हळूहळू कमी झाली.

मला त्या बोटाची भीती वाटते, बाई. ते बोट दुष्ट नव्हतं. कळवळ्याचंच होतं.

शिक्षिका : ही गोष्ट मला माहीत नव्हती, आणि ती मी विसरणार नाही. पण सर, ते बोट घरट्यात शिरायच्या आधी दुसरे किती हात आपण तिथं घालून बसलो आहोत, तेही मोजा ना. शाळेच्या कुंपणापलीकडं कपाशी आहे. बोंडअळीची धास्ती म्हणून हंगामात फवारण्या चालतात. चिमणी एरवी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस किडे-अळ्याच लागतात, हे तुम्हीच मागं सांगितलंत. जुन्या माळवदाच्या घरांत वाशांच्या खोबणी असायच्या, आता पत्र्याची शेडं आहेत. मे महिन्यात त्या पत्र्याला हात लावून बघा. वाळूजपासून इकडं मोकळं रान किती उरलंय ते जाता-येता दिसतंच. तालुक्याच्या दक्षिणेला कायगाव टोक्याकडं नाथसागराचा फुगवटा येतो. १९८६ मध्ये त्याचं पक्षी अभयारण्य झालं, पण तो जलाशयसुद्धा माणसानंच केलेला. गोदेचा मूळचा काठ पाण्याखाली गेला आणि त्यावर नवे पक्षी आले. निसर्गाचं काम म्हणता ते नेमकं कुठं चाललंय, ते तरी दाखवा. आपण खाद्य मारायचं, घर मोडायचं, ऊन वाढवायचं, आणि पिल्लू मरायला टेकलं की मात्र म्हणायचं, आम्ही मध्ये पडत नाही. याला तटस्थपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पक्षीनिरीक्षक : इथं तुम्ही मला अडवलंत. लॅकचा सगळा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे. आईनं शेवटचं अंडं घालताना जो अंदाज बांधला तो तिच्या मुलखाच्या अनुभवाचा असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा. पावसाचा खंड त्या अंदाजात धरलेला आहे. फवारणी धरलेली नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात चिमण्यांची पिल्लं उपाशी मरण्याचा आणि तिथं किडे कमी असण्याचा संबंध दाखवलेला आहे. आपल्याकडं वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. तेव्हा आईचं गणित बरोबर असेल, पण त्यातले आकडे आपण बदललेत, हे मी कबूल करतो.

पण यानं प्रश्न सुटत नाही, अवघड होतो. तुमचं चौथं पिल्लू दोन कारणांनी खंगलेलं असू शकतं. एक, ते शेंडेफळ आहे म्हणून, जसं हजारो वर्षं होत आलंय. दुसरं, कपाशीवर अळी उरली नाही म्हणून. पहिलं असेल तर त्यात पडायचा आपल्याला अधिकार नाही असं मी म्हणेन. दुसरं असेल तर ते आपलं देणं आहे, आणि देणं फेडायला कुणाची परवानगी लागत नाही. आता व्हरांड्यात खुर्चीवर उभं राहून त्या पेटीमागे बघा. तेच उघडं पोट, तीच लुकडी मान. दोन्ही कारणांचं पिल्लू दिसायला अगदी सारखं असतं. बहुधा दोन्ही कारणं एकाच पिल्लात असतात.

शिक्षिका : मग शंकेचा फायदा पिल्लाला का देऊ नये?

पक्षीनिरीक्षक : कारण शंका एकाच पिल्लाबद्दल नसते. कावळ्याचं घरटं घ्या. त्यात कोकिळेनं अंडं घातलेलं असतं. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांआधी निघतं, आधी वाढतं, आणि कावळ्याची बिचारी मागं पडतात, कधी उपाशी मरतात. दुबळ्याला भरवायचं हा नियम धरला तर तुम्ही कावळ्याच्या पिल्लाला भरवाल आणि कोकिळेच्या वाटेत उभ्या राहाल. चैत्रात कोकीळ ऐकू आला नाही म्हणून हळहळणारेही आपणच. तिथं शंकेचा फायदा कुणाला?

शिवाय भरवणं हेही सोपं नाही. लोक दुधात पोळी कुस्करतात. पक्ष्याला दूध पचत नाही. चोच उघडून चमच्यानं पाणी सोडतात. पिल्लाची श्वासनळी जिभेच्या बुडाशीच उघडते, पाणी थेट फुप्फुसात जातं. होल्याच्या पिल्लाला अळ्या दिल्या तर चालत नाही, त्याला आईबापांच्या गळ्यातल्या पिशवीतलं दुधासारखं द्रव लागतं. बुलबुलाचं पिल्लू तर नीट उडता यायच्या आधीच घरट्यातून उतरतं आणि झुडपात बसतं. आईबाप जवळच असतात, त्याला भरवत असतात, आणि आपण ते अनाथ समजून खोक्यात घालून घरी नेतो. किती पिल्लं दयेनं मेली असतील, सांगता येणार नाही.

आणि कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. जखमी पिल्लू दिसलं तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करावा, ही वाट आहे. धाक घालायला नाही सांगत. पाचवीतल्या चाळीस पोरांना घरट्यात हात घालायची सवय लागली तर ती पुढं कुठल्या घरट्यापर्यंत जाईल, ते मला सांगता येत नाही.

शिक्षिका : हे मला पटतं. पण एक सांगते, माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे जे गावभर सांगितलं जातं, ते खोटं आहे ना?

पक्षीनिरीक्षक : बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खोटंच. पिल्लू खाली पडलं असेल, धडधाकट असेल, घरटं हाताशी असेल, तर अलगद परत ठेवावं. आईबाप घेतात. एवढी मदत मी कुणालाही सांगेन. पडणं हा आईचा निर्णय नसतो. बहुतेक वेळा नसतो, असं म्हणतो, कारण बगळ्यांत थोरली धाकट्याला काठावरून लोटतात.

शिक्षिका : बघा, तुमचीही रेघ ठाम नाही. पडलेलं उचलायचं, उपाशी असलेलं नाही. आणि पडलेल्यांतही लोटलेलं कोणतं आणि वाऱ्यानं पडलेलं कोणतं, ते पुन्हा कळत नाहीच. मी असं ठरवलंय. पेटीमागे हात घालणार नाही. शाळेच्या मागच्या कुंपणाकडचं गवत या पावसाळ्यात कापू देणार नाही, तिथं कुणाला औषध मारू देणार नाही, बोरी-बाभळी वाढू देईन. पाण्याचं भांडं सावलीत ठेवीन. किडे झाले तर आईच आणील आणि कुणाला भरवायचं ते तीच ठरवील. मी पिल्लाला भरवत नाही, आईची वाट मोकळी करते. याला तरी तुमची हरकत नसावी.

पक्षीनिरीक्षक : हरकत नाही, आनंद आहे. पण मी खोटी आशा लावत नाही. किडे वाढले की आधी ते तीन आणखी पुष्ट होतील. चौथ्यापर्यंत घास पोचेलच असं नाही. आणि गवत वाढून नाकतोडे व्हायला आठवडे लागतात. या पिल्लाकडं चार दिवस आहेत.

शिक्षिका : म्हणजे पुढच्या विणीतल्या पिल्लांचं मी करू शकते, याचं नाही.

पक्षीनिरीक्षक : याचं नाही, असं मी म्हणेन.

शिक्षिका : आणि पोरं याच्याबद्दल विचारतात. पुढच्या विणीबद्दल नाही. तुमचं सगळं ऐकूनही, सर, उद्या सकाळी त्या पिल्लानं मान टाकलेली दिसली तर मी मुलांना शेंडेफळ म्हणजे काय ते सांगू, की कपाशीवरच्या फवारणीचं सांगू?

पक्षीनिरीक्षक : दोन्ही सांगा. कोणतं खरं, असं त्यांनी विचारलं तर माझ्याकडं पाठवा. मी त्यांना सांगेन की मलाही ठरवता आलेलं नाही, आणि कुंपणाकडच्या गवतात किडे मोजायला त्यांनाच घेऊन जाईन.